आधी कोण गेलं?

लग्नपत्रिकेचा मसुदा दुबईतल्या करामात, रिसबूडांच्या स्वयंपाकघरात पोचला तेव्हा वैभवी अळूच्या पानांना पीठ लावत होती. दोन्ही हात बरबटलेले, म्हणून राजननंच कागद तिच्या डोळ्यांसमोर धरला. अक्षर मोत्यासारखं होतं. होणारे व्याही गानूसाहेब पुण्याच्या एका छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झाले होते, आणि असा माणूस वाण्याच्या यादीतही वेलांटी चुकू देत नाही.

“काल संध्याकाळी दिला त्यांनी,” राजन म्हणाला. “आज जेवण झालं की इथूनच पुण्याला फोन करून फायनल करणार आहेत. उद्या छपाई. वाच.”

“चष्मा नाहीये.”

“लागणार नाही. विभावहिनींच्या नावाआधी काय आहे ते बघ फक्त.”

वैभवीनं पाहिलं. ‘कै. अरविंद व कै. (सौ.? श्रीमती?) विभावरी रिसबूड यांची कन्या चि. सौ. कां. शुभ्रा’.

“अगं बाई!”

“अगं बाई काय? वहिनी काल रात्री हॉटेलात, दौऱ्यावर आलेल्या त्यांच्या नाटकात, दीडशे लोकांसमोर नाचल्या. मी स्वतः बघून आलोय. आणि हे लोक त्यांना कैलासवासी करून मोकळे. कुणी सांगितलं यांना?”

कुणी सांगितलं ते वैभवीला चांगलं ठाऊक होतं. दिवाळीत स्थळाची बोलणी सुरू झाली तेव्हा गानूबाईंचा फोन आला होता. मुलगी काकांकडे कशी वाढली, असं त्यांनी विचारलं आणि वैभवीनं सांगितलं, “तिचे वडील गेले, पाठोपाठ आई गेली. पाच वर्षांची होती पोर.” आता मराठीत माणूस भाजी आणायलाही जातो आणि कायमचाही जातो. क्रियापद एकच. अरविंद कायमचे गेले होते आणि विभावरी इंग्लंडात लीड्सला गेली होती, नाटकाच्या तालमींना. पलीकडून गानूबाई “अरेरे” म्हणाल्या. त्या ‘अरेरे’नंतर दुरुस्ती करायला क्षणभराची फट होती. वैभवीनं ती जाऊ दिली. चुकून जाऊ दिली, असं तिनं गेल्या पाच महिन्यांत स्वतःला बऱ्याच वेळा सांगून पाहिलं होतं. आता ते राजनलाही सांगावं लागलं.

“मग लगेच सांगायचं ना, की लंडनला गेली म्हणून!”

“विषय पुढे गेला.”

“पाच महिने विषय पुढेच चाललाय?”

“अहो, ओरडू नका. काय करायचं ते बोला. पाच आठवड्यांवर लग्न आलंय. आज खरं सांगितलं तर विहीणबाई म्हणतील, जिवंत आई लपवलीत, आणखी काय काय लपवलंत? नटी आहे म्हणून लपवलंत का?”

राजन जबल अलीच्या बंदरात माल सोडवण्याच्या कामात वीस वर्षं घालवलेला माणूस होता. कंटेनर अडकला की आधी कंटेनर बाहेर काढायचा, कागद मागाहून नीट करायचे, हा त्याचा धर्म. त्यानं लग्नालाही तोच लावला. “हे बघ, आजचा दिवस मॅनेज करू. वहिनी शुभ्राची मावशी म्हणून जेवायला येतील. कार्डावर आईचं नावच नको म्हणून मी गानूंना पटवतो. नुसतं ‘कै. अरविंद यांची कन्या’. खलास. लग्न झालं की सावकाश उलगडू.”

“वहिनी तयार होतील?”

“आयुष्यभर दुसरं काय केलंय त्यांनी?” राजन म्हणाला. बोलल्यावर त्यालाच ते बरं वाटलं नाही.

दारात शुभ्रा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बावीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी मुलगी, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही ही सवय लहानपणीच लागलेली.

“मला चालेल,” ती म्हणाली. “शाळेत मी तेच सांगायचे.”

“काय सांगायचीस?”

“माझी खरी मदर वारली म्हणून. फॉर्मवर नाव विभावरी आणि न्यायला येणार तू. दरवर्षी नव्या टीचरला सगळी स्टोरी सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. आई, पातेलं उतू चाललंय.”

वैभवीनं गॅस बंद केला. ही गोष्ट तिला सतरा वर्षांत पहिल्यांदा कळत होती.

*

जुमेऱ्याच्या हॉटेलातून विभावरीला घेऊन राजन निघाला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. शुक्रवारची नमाज असल्यामुळे रस्ते रिकामे होते. त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं, समोरच्या रस्त्याकडे बघत.

“म्हणजे मी मेले,” विभावरी म्हणाली.

“वहिनी, तसं नाही...”

“रागावले नाही हो, भावोजी. पडद्यावर सात वेळा मेल्ये मी. उद्वाहकात, आगगाडीखाली, बाळंतपणात दोनदा. छापील मात्र पहिल्यांदाच.”

तिचं मराठी असंच होतं. तिच्या आईनं ते एकोणपन्नास साली गिरगावातून आगबोटीनं विलायतेला नेलं, आणि लंडनमध्ये जन्मलेल्या मुलीला जसंच्या तसं दिलं. त्या भाषेत अजून इस्पितळ होतं, दूरध्वनी होता, आणि धाकट्या दिराला भावोजी म्हणायची पद्धत होती.

घरात सगळे तिला नटी म्हणत, पण तिनं नेमकं काय केलं ते राजनला तुकड्यातुकड्यांनीच माहीत होतं. अठराव्या वर्षी नाट्यशाळेत गेली. मग सहा वर्षं उत्तरेकडच्या लहान गावांतल्या नाटक मंडळ्या: दर आठवड्याला नवं नाटक, संध्याकाळी एकाचा प्रयोग, सकाळी पुढच्याची तालीम, आणि तिच्या वाट्याला चहाचा ट्रे घेऊन येणारी मोलकरीण. टीव्हीवर किराणा दुकानदाराची बायको, बस कंडक्टरची बायको, कोर्टातली दुभाषी. चौतिसाव्या वर्षापासून नवरीची आई. पुढे इस्पितळाच्या एका मालिकेत नऊ वर्षं सिस्टर मीरा, जिला लेखकांनी दोन वर्षांमागे लिफ्टमध्ये मारून टाकलं. इंग्लंडात रस्त्यावर लोक अजून तिला सिस्टर म्हणून हाक मारत. रंगभूमीवरची मोठी भूमिका एकदाच आली, चौऱ्याऐंशी साली, लीड्सला. अरविंद जाऊन सात महिने झाले होते. तिनं पाच वर्षांची शुभ्रा सहा महिन्यांसाठी दुबईला आणून ठेवली. तेव्हा राजन-वैभवीच्या घरी मूल नव्हतं. सहा महिने झाल्यावर वैभवी म्हणाली, टर्म संपू दे. टर्म संपल्यावर विभावरी म्हणाली, हातातलं काम संपू दे. पुढे दोघीही एकमेकींना काही म्हणेनाशा झाल्या. मधल्या काळात सुयश जन्मला आणि शुभ्रा त्याचं ऐकून वैभवीला आई म्हणायला लागली.

“मावशीचं नाव काय?” विभावरीनं विचारलं.

“काहीही ठेवा.”

“काहीही चालत नाही. कुमुद. कुमुदची पिशवी कशी आहे?”

ट्रेड सेंटरच्या राउंडअबाउटला राजनची एक्झिट चुकता चुकता राहिली. “पिशवी?”

“एखादं पात्र हाती आलं की मी आधी त्याची पिशवी भरत्ये. हिच्या पिशवीत चष्मा, डोकेदुखीच्या गोळ्या आणि भाचीसाठी आणलेली बांगडी. बरं, आणि ह्या कुमुदला हवंय काय?”

“काही नको, वहिनी. जेवायचं आणि जायचं.”

“असं माणूस नसतं, भावोजी,” विभावरी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

*

जेवणाला आठ माणसं होती. गानू पतिपत्नी महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर आलेली. त्यांचा मुलगा अंकुर इंटरनेट सिटीत नोकरीला, स्वभावानं गरीब. राजनचा सुयश चौदाचा. त्याचं शरीर टेबलाशी आणि लक्ष खाली बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या क्रिकेटकडे.

कुमुद छान जमून गेली. विभावरीनं गानूबाईंच्या पैठणीचं कौतुक केलं, अळूवडी दोनदा मागून घेतली, लंडनच्या थंडीनं गुडघे धरतात म्हणाली. राजनला तर मध्येच वाटून गेलं की अशी एक मावशी खरोखरच असावी. विभावरीला मात्र शुभ्राकडे बघायची हिंमत होत नव्हती. मुलगी पाण्याचा जग घेऊन वाढत होती आणि तिच्या ग्लासात ओततानाही तिनं एक थेंब सांडू दिला नाही. सोबतच्या नटीनं एवढं सफाईनं काम केलं असतं तर विभावरीला आनंद झाला असता. इथं तिनं तो ग्लास न पिताच बाजूला सरकवला.

भाताची पाळी आली तसे गानूसाहेबांनी खिशातून मसुद्याची आपली प्रत आणि पेन्सिल काढली.

“कुमुदताई, तुम्ही सख्ख्या बहीण, तेव्हा तुम्हालाच विचारलेलं बरं. एक बारीक शंका आहे. आधी कोण गेलं?”

“साहेब,” राजन घाईनं म्हणाला, “आम्ही म्हणत होतो, आईचं नाव नाही घातलं तरी चालेल. सिंपल ठेवू कार्ड.”

“असं कसं? बिनआईची कन्या छापू? नाव पाहिजेच. आणि त्या आधी गेल्या असतील तर कै. सौ., यजमान आधी गेले असतील तर कै. श्रीमती. चार माणसं वाचतात, राजनराव. चूक राहिली तर जन्मभर भिंतीवर राहते.”

सगळे विभावरीकडे बघत होते.

“आधी अरविंद,” ती म्हणाली. “फेब्रुवारीत. बांधकामाच्या साइटवर उभा होता, जरा बसतो म्हणाला आणि परत उठला नाही.”

“आणि ताई?”

“ती सप्टेंबरात.”

“सातच महिन्यांत!” गानूबाईंचा घास हातातच राहिला. “काय झालं होतं हो तिला?”

“झालं काही नव्हतं. इथं आली, मुलगी वैभवीच्या हातात दिली आणि गेली.”

पुऱ्यांची परात घेऊन येणारी वैभवी दारातच थांबली. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. विमानतळावर विभावरीनं शुभ्राचा हात सोडवून तिच्या हातात दिला होता आणि मग मागं वळून न बघता आत गेली होती.

“शेवटचं काही बोलली का?” गानूबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता.

“सहा महिन्यांत येत्ये म्हणाली.”

“बिचारी! तिला वाटलं असणार, बरी होऊन येईन. आणि ही पोर वाट बघत बसली असेल.” गानूबाईंनी शुभ्राचा हात धरला. “बघितलीस ना गं वाट?”

“थोडे दिवस,” शुभ्रा म्हणाली.

गानूसाहेबांनी ‘सौ.?’वर काट मारली, ‘श्रीमती’भोवती गोल काढला, हात धुतले आणि फोनपाशी गेले. “इथून पुण्याला मिनिटाला किती पडतात?”

“साडेतीन दिरहम. म्हणजे पंचेचाळीस रुपये,” राजननं सवयीनं सांगितलं.

“बापरे. मग थोडक्यातच आटपतो.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडे फिरवायला सुरुवात केली.

“फोन ठेवा, गानूसाहेब,” वैभवी म्हणाली.

राजननं तिला डोळ्यांनी दटावलं. तिनं परात टेबलावर ठेवली. तिचा आवाज एरवी वाण्याशी बोलताना असतो तसा होता, फक्त थोडा वरचा.

“या कुमुद नाहीत. या विभावरी. शुभ्राची आई. दिवाळीत मी ‘गेली’ म्हणाले ते लंडनला गेली. तुम्ही ‘अरेरे’ म्हणालात, विहीणबाई, आणि मी गप्प बसले. आज यांना मावशी करायचं आम्हीच ठरवलं. यांचा काही दोष नाही.”

“गप्प बसलात म्हणजे?” गानूबाईंनी विचारलं. “फोनवर ऐकू आलं नाही का?”

“आलं. मला बरं वाटलं.” वैभवीचे डोळे भरून आले, पण ती थांबली नाही. “सतरा वर्षं मी भीतभीत काढली. आज येतील, उद्या येतील, पोरीला घेऊन जातील. तुम्ही ‘अरेरे’ म्हणालात आणि ती भीती संपली. जिवंत माणूस मारून मला बरं वाटलं, आता काय म्हणायचं ते म्हणा.”

मग सगळेच एकदम बोलले. गानूबाईंचा आवाज सगळ्यांवर होता. हे आज कळलं, उद्या काय कळणार होतं? मुलीच्या जन्मपत्रिकेतल्या वेळेचं तरी खरं का? अंकुरनं “आई, मला माहीत होतं” असं मध्ये घातलं आणि आगीत तेल ओतलं.

“तुला माहीत होतं? आणि तू तोंड उघडलं नाहीस?”

“शुभ्रानं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मला वाटलं तुम्हालाही माहितीये. आज इथं ऐकेपर्यंत मला काय माहीत तुम्ही त्यांना...”

“डॅड, कॅन आय गो डाउन?” सुयशनं विचारलं.

“चूप बैठ!” राजन ओरडला.

गानूबाईंनी आता विभावरीकडे मोर्चा वळवला. “आणि तुम्ही? स्वतःच्या तोंडानं स्वतःचं मरण सांगत बसलात? माझ्या डोळ्यांतून पाणी काढलंत!”

“मला ते काम दिलं होतं, ते मी नीट केलं,” विभावरी म्हणाली. “पण मला ते करायचं नव्हतं.”

“मग काय करायचं होतं?”

विभावरीनं पानावरचा हात उचलून मांडीवर ठेवला. तीस वर्षांत तिनं भूमिका मागितली नव्हती. दूरध्वनी येईल तेव्हा येईल, जे देतील ते करायचं, असं तिचं चालत आलं होतं. रिसबूडांच्या घरात तर तिनं मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

“मला माझं नाव हवंय,” ती म्हणाली. “अरविंदशेजारी. पुढचं ते अक्षर काढून. मांडवात कन्यादान वैभवी आणि भावोजींनीच करावं, तो त्यांचाच मान आहे. पण मी तिची आई आहे असं एकदा कुठेतरी छापून यायला हवं.”

गानूसाहेब इतका वेळ मसुद्याकडेच बघत होते. माणसांच्या भानगडींनी ते फारसे हलत नसत. “चारशे प्रती,” ते स्वतःशीच म्हणाले. “चारशे प्रतींत मी जिवंत बाई मारली असती.” त्यांनी खोडरबर काढून ‘कै.’ पुसलं आणि कागदावर फुंकर मारली. “ठीक आहे. श्रीमती. पण एक सांगतो, बाई. जिवंत छापायचं तर माणूस मांडवात दिसलं पाहिजे. नाहीतर लोक विचारणार, आई कुठंय, आणि आम्ही काय सांगायचं? सहा मे, रविवार. असणार ना तुम्ही?”

विभावरीनं मनात तारखा मोजल्या. तिच्या नाटकाचा दौरा एकोणीस मेपर्यंत होता. पाचला मँचेस्टरला दोन प्रयोग, सातला तिथंच एक. मंडळी लहान, तिच्या जागी उभी राहणारी दुसरी कुणी नव्हती.

“बघत्ये,” ती म्हणाली. “जमवत्ये काहीतरी.”

शुभ्रा हसली. दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं, आणि ते चांगलं नव्हतं. तिनं जग ठेवला आणि ती आतल्या खोलीत गेली. विभावरी उठून तिच्या मागे गेली.

*

“वैताग आला असेल तुला माझा,” विभावरी दार लोटून म्हणाली.

“नाही. सवय आहे.” शुभ्रा पलंगावर बसली होती. “बारावीच्या फेअरवेलला म्हणालीस, बघत्ये. माझ्या अपेंडिक्सच्या वेळी बघत्ये. मला राग नाही येत. खरंच. फक्त कार्डावर नाव घालून नंतर तू आली नाहीस, तर ते मला लोकांना समजावत बसावं लागेल. त्यापेक्षा कै. बरं.”

विभावरीनं खुर्ची ओढली.

“तुला ती कॅसेट आठवते?” शुभ्रानं विचारलं.

“कुठली?”

गल्फमध्ये त्या काळी पत्रांपेक्षा कॅसेटी जास्त फिरत. रत्नागिरीच्या मैमुनाबी शेजारी राहायच्या, त्यांच्याकडे तर गावाकडची अख्खी वाडी कॅसेटीवर बोलायची. विभावरीही दर महिन्याला लंडनहून एक कॅसेट पाठवी. बाळ शुभ्रा, इथं बर्फ पडलंय, तू शहाण्यासारखी राहा, असं काहीतरी. पहिल्याच हिवाळ्यात एक वेगळी आली. तिच्यात विभावरीचा आवाज इंग्रजीत विचारायचा, काल कुठे होतीस तू? मग काही सेकंद नुसती शांतता. मग, खाल्लंस का काही? परत शांतता. मग, माझ्यावर रागावलीस का? आणि ही शांतता सगळ्यांत लांब.

“बाकीच्या कॅसेटींत तू बोलायचीस आणि संपायचं,” शुभ्रा म्हणाली. “त्या एकीत तू माझ्यासाठी थांबायचीस. मी उत्तरं द्यायचे. काल कॉर्निशवर समुद्र बघायला गेले होते. वरणभात खाल्ला. रागावल्याच्या ठिकाणी रोज वेगळं सांगायचे. दोन वर्षं रोज ऐकली ती. मग सुयशच्या पहिल्या वाढदिवसाला कुणीतरी तिच्यावर गाणी भरली.”

विभावरीचा चेहरा उतरला. ती कॅसेट तिला चांगली आठवत होती. ओळी पाठ करायची तिची तीच रीत होती: समोरच्या पात्रांची वाक्यं स्वतःच्या आवाजात भरायची, आपल्या वाक्यांपुरती जागा कोरी सोडायची, आणि मग भांडी घासता घासता त्या जागा भरायच्या. लीड्सच्या नाटकाची ती कॅसेट तिनं आठवडाभर शोधली होती. दुबईच्या पाकिटात ती चुकून गेली, हे आज कळत होतं.

“ती कामाची होती, बाळ,” ती म्हणाली. “त्या रिकाम्या जागा माझ्या होत्या. तिथं मी बोलायचं होतं.”

“हो, मोठी झाल्यावर आलं माझ्या लक्षात,” शुभ्रा म्हणाली. “तेव्हा मला वाटायचं, तू माझ्यासाठीच सोडल्यास.”

विभावरीला हवं तेव्हा रडता यायचं आणि दिग्दर्शकानं सांगितलं की थांबताही यायचं. आज थांबता आलं नाही. शुभ्रानं तिला जवळ घेतलं नाही, पण ती उठूनही गेली नाही. टिश्यूचा डबा तेवढा पुढे सरकवला.

*

बाहेर बाल्कनीत गानूबाईंनी वैभवीला गाठलं होतं. “माझा राग लवकर जायचा नाही,” त्या सांगत होत्या. “पण खोटं बोललात तुम्ही आणि ते उघडही तुम्हीच केलंत. आमच्या पोरानं तर तेही केलं नाही.” तेवढ्यात विभावरी तोंड धुऊन बाहेर आली आणि तिनं राजनला विचारलं, “भावोजी, लंडनला दूरध्वनी करू का?”

लंडनला साडेअकरा वाजले होते आणि तिचा एजंट जागेवर होता. ती सगळ्यांसमोर, उभ्यानंच बोलली. पाच ते सात मे मी नाही, एवढंच ती सांगत होती. पलीकडचा आवाज चढत गेला. तो काय म्हणत असणार ते राजनला न ऐकताही कळत होतं, कारण कॉन्ट्रॅक्ट मोडणाऱ्या माणसांशी तोही तसाच बोलायचा. ही मंडळी पुन्हा बोलावणार नाहीत. बाकीच्यांच्याही कानावर जाईल. पन्नाशीच्या हिंदुस्थानी बाईला वर्षात कामं येतात किती? “साधारण पाच,” विभावरी इंग्रजीत म्हणाली. “आता तीन येतील. माझ्या मुलीचं लग्न आहे.” ते वाक्य तिनं दोनदा सांगितलं, कारण एजंटला तिला मुलगी असल्याचं माहीत नव्हतं. मग तिनं रिसीव्हर ठेवला आणि गानूसाहेबांसाठी फोन मोकळा करून ती टेबलाशी येऊन बसली.

गानूसाहेबांनी पुणे लावलं. “हॅलो! कंपोझिंगला द्या... हां, लिहून घ्या. ‘कै. अरविंद व श्रीमती विभावरी रिसबूड यांची कन्या’. काय? नाही हो, दुसरं कै. नाही. पहिलंच फक्त. अहो, मी खात्री करूनच सांगतोय, समोर बसल्यात त्या!” लाइनीवर खरखर होती, त्यामुळे ते प्रत्येक शब्द फोडून ओरडून सांगत होते, आणि मिनिटाचे पंचेचाळीस रुपये केव्हाच विसरले होते. “पुढं घ्या. ‘तसेच सौ. वैभवी व श्री. राजन रिसबूड यांची पुतणी’. पुतणी! पुण्यातला पु.”

पुतणी. वैभवी दाराशी उभी राहून ऐकत होती. ते सरळ होतं, खरं होतं आणि तिनंच आज ओढवून घेतलं होतं. तरी तिला तो शब्द चार माणसांत, असा सुटा करून, ओरडून सांगितलेला सोसला नाही. ती आत गेली, फ्रिजमधून श्रीखंडाचं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं आणि थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“शुभ्रा,” मग तिनं आतूनच हाक मारली, “वाढायला घे गं. सगळे खोळंबलेत.”

“आले, आई,” शुभ्रा म्हणाली आणि धावतच आत गेली.

विभावरीनं मान वर केली नाही. ‘आई’ ही हाक कुणासाठी होती हे तिला ठाऊक होतं. तिनं आपली वाटी रिकामी करून पुढे ठेवली.